मामांचा ब्रेक

मामांनी एसटीचं स्टिअरिंग एकतीस वर्षं धरलं आणि निवृत्तीनंतरही ते काही त्यांच्या हातून सुटलेलं नाही. त्यांच्या सातबाऱ्याच्या कामासाठी ऐन आषाढात आम्ही पुण्याहून ताम्हिणीमार्गे माणगावला निघालो, तेव्हा चालकाच्या जागेवर मी होतो एवढंच. गाडी शेजारून मामा चालवत होते.

निघण्याआधी त्यांनी गाडीला प्रदक्षिणा घातली आणि प्रत्येक टायरच्या खाचेत नख घालून पाहिलं.

"कायद्याने १.६ मिलिमीटर खाच असली तरी चालते, मामा," मी ज्ञान पाजळलं.

"कायद्याला घाट उतरायचा नसतो," मामा म्हणाले.

पौडला पाऊस लागला. वाइपरचं रबर उन्हाळ्यात उन्हाने वाळून कडक झालं होतं. सगळ्या काचेवरचं पाणी गोळा करून ते नेमकं माझ्या डोळ्यांसमोर आणून ठेवायचं. मामांच्या बाजूची काच मात्र आरशासारखी. त्यामुळे त्यांना खड्डे माझ्याआधी दिसत आणि प्रत्येक खड्ड्याला त्यांचा उजवा पाय समोरच्या पत्र्यावर दाणकन आपटे.

मुळशीच्या पुढे काच आतून धुरकटली. मी फडक्याने पुसायचो, ती पुन्हा धुरकटायची. मामांनी खिशातून तंबाखूची पुडी काढली. "बाहेरून चोळ. थेंब धरत नाही, पाणी सरळ वाहून जातं." मागून बायको म्हणाली, "काच आतून धुरकटलीय, मामा. एसी लावा, हवा कोरडी होते." एवढ्या गारठ्यात एसी, म्हणून मामांनी कानाला मफलर गुंडाळला. मिनिटभरात काच लख्ख! मामांनी पुडी गुपचूप परत खिशात घातली. त्यातली थोडी तोंडात.

ताम्हिणीत धुकं असं की बॉनेट गेलं कुठे, असा प्रश्न पडावा. मी मोठा दिवा लावला तर समोर पांढरी भिंतच उभी राहिली. "डिपर मार, डिपर!" मामा ओरडले. समोरून येणारी प्रत्येक गाडी चारही इंडिकेटर मिचकावत होती, त्यामुळे कोण वळतंय आणि कोण नुसतंच घाबरलंय, ते कळायला मार्ग नव्हता. ऐन वळणावर एक गाडी उभी. तिच्यातली मंडळी धबधब्याखाली नाचत होती. मामांनी काच खाली करून त्यांना जे सुनावलं, त्यातलं 'बाळांनो' एवढंच इथे छापता येईल.

उताराला मी गाडी न्यूट्रल करायला गेलो, तर मामांनी माझा हातच धरला. "ज्या गिअरमध्ये चढला असतास, त्याच गिअरमध्ये उतर. नुसत्या ब्रेकवर उतरशील तर ते तापतील आणि ऐन वेळी दगा देतील." हे सांगतानाही त्यांचा स्वतःचा पाय पत्र्यावर दाबलेलाच होता.

घाट उतरल्यावर एका मोरीवरून पाणी वाहत होतं. फार नाही, गुडघ्याच्या खाली. "जाईल की," मी म्हणालो. समोर एसटी थांबलेली होती. मामांनी तिच्याकडे बोट दाखवलं. "ती जात नाही, आणि तू जाणार?" फूटभर वाहतं पाणी लहान गाडी उचलू शकतं, हे मी वाचलं होतं, पण वाचलेलं रस्त्यावर आठवत नाही. मग मामा एकदम गप्प झाले. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडला सावित्रीवरचा पूल वाहून गेला, त्यात दोन एसटी गेल्या होत्या. ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. टपरीवर दोन-दोन चहा आणि कांदाभजी झाली. दीड तासाने पाणी ओसरलं, एसटी हलली आणि तिच्या मागून आम्ही. पलीकडे गेल्यावर मामांनी मला दोन-तीनदा हलकेच ब्रेक मारायला लावले, भिजलेले सुकावेत म्हणून. स्वतःचाही सुकवून घेतला.

माणगावला उतरताना मामा लंगडत होते. उजवी पोटरी चोळत त्यांनी गाडीकडे पाहिलं.

"गाडी चांगलीय रे," ते म्हणाले. "ब्रेक तेवढे फार कडक आहेत."