खलाशी कुठे उभा करावा?

शाळेत इंग्रजी क्रियापदांची तीन रूपे घोकून घेतात: ड्रिंक, ड्रँक, ड्रंक. साधकाने हा जप एकदा मोठ्याने म्हणावा आणि मग दारू प्यायलेला खलाशी वाक्यात कुठे उभा आहे ते पाहावे. विशेषण त्याच्या आधी असेल तर 'ड्रंकन सेलर', नंतर आले तर 'द सेलर इज ड्रंक'. जागा बदलली की शेपूट गळते. खलाशाने गाडी काढली तर नियम पुन्हा बदलतो: अमेरिकेत 'ड्रंक ड्रायव्हिंग', ब्रिटनमध्ये 'ड्रिंक ड्रायव्हिंग'. पावती मात्र दोन्हीकडे फाटते.

'ड्रंकन', 'संकन', 'श्रंकन', 'मोल्टन' ही एके काळची रीतसर भूतकालवाचक धातुसाधिते. पुढे क्रियापदांनी ते 'न'चे शेपूट टाकले, विशेषणांनी आजोबांच्या कोटासारखे सांभाळून ठेवले.

वितळलेल्या पदार्थाजवळ जाताना थर्मामीटर सोबत असावा. लोणी, चीज, आइस्क्रीम हे 'मेल्टेड'. लाव्हा, काच आणि १,५३८ अंश सेल्सिअसला वितळणारे लोखंड 'मोल्टन'. पावभाजीवरच्या लोण्याला 'मोल्टन' म्हणायचेच असेल तर आधी अग्निशमन दलाला कळवावे. कॅफेतल्या 'मोल्टन लाव्हा केक'ला तेवढी सूट आहे. त्याने नावच ज्वालामुखीकडून उसने आणले आहे.

खरी परीक्षा हॉटेलच्या मेनूकार्डावर. 'फ्राय राइस', 'बॉइल एग', 'ग्रिल सँडविच' दिसताच साधकाने खिशातले लाल पेन काढावे आणि 'फ्राइड', 'बॉइल्ड', 'ग्रिल्ड' करत खाली उतरावे. 'रोस्ट पापड'पाशी मात्र पेन आवरावे. 'रोस्ट' हे स्वतःच जुने विशेषण आहे. 'रोस्ट चिकन' म्हणताना खुद्द इंग्रजही त्याला काही जोडत नाही. शेवटच्या पानावर 'आइस्क्रीम' भेटेल. सतराव्या शतकात ते 'आइस्ड क्रीम' होते. मधला 'ड' लोकांनी गिळला आणि व्याकरणाने निमूट मान्य केले. 'बॉइल एग'वाल्या मालकाने हा दाखला पुढे केला तर वाद न घालता बिल मागावे.

बाहेर पडल्यावर शेजारच्या दुकानाची पाटी वाचावी. एका बाजूला 'ओपन', ते बरोबर. दुसऱ्या बाजूला 'क्लोज'. तिथे हवे 'क्लोज्ड', कारण 'ओपन' जन्मानेच विशेषण, तर त्याचा जोडीदार धातुसाधित. नुसते 'क्लोज' विशेषण म्हणून वाचले तर उच्चार 'क्लोस' आणि अर्थ 'जवळ'. म्हणजे कुलूप लावलेले दुकान गिऱ्हाइकाला सांगते, मी जवळच आहे.

उरली परीक्षेच्या आदल्या रात्रीची मुले. 'आय ॲम टेन्स्ड' हे सगळा देश म्हणतो. कोशात मनासाठी 'टेन्स' पुरते, 'टेन्स्ड' ताणलेल्या स्नायूंना. ते सोडून द्यावे. पण तासाला कंटाळलेला मुलगा 'आय ॲम बोरिंग' म्हणाला, तर त्याला 'बोर्ड' शिकवण्याआधी बाकीच्या वर्गाचे मत घ्यावे.