चालतंय ना, मग हात लावू नका!

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नियमित सपोर्ट थांबवला, तरी अकाउंट्स विभागातला जुना कॉम्प्युटर ‘चालतंय ना, मग हात लावू नका’ या धर्मावर ठाम आहे. हा धर्म अगदीच अडाणी नाही: नवी विंडोज आली की डिजिटल सहीचं टोकन रुसतं, प्रिंटर ओळख विसरतो आणि जीएसटीआर-३बीची २० तारीख कुणासाठी थांबत नाही. पण सुरक्षेची भोकं न बुजवलेल्या मशीनवर सगळ्यांची खाती ठेवणं ही काटकसर नव्हे, उधारी आहे. व्हायरस ती व्याजासकट वसूल करतो. ‘बॅकअप आहे की!’ म्हणाल, तर तो पेनड्राइव्हही त्याच कॉम्प्युटरला खोचलेला असतो. तेव्हा टॅलीवाल्याला आधी विचारा, बॅकअप दुसऱ्या मशीनवर उघडून पाहा आणि रिटर्न भरून झालं की २१ तारखेला अपग्रेड करा. १९ तारखेला केलंत, तर लेट फी मायक्रोसॉफ्ट भरणार नाही.