वतन खालसा

श्वानजातीत काही घराणी अशी आहेत की, उंबऱ्याशी पडून राहावे आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडे एक डोळा किलकिला करून पाहावे, यापलीकडे कोणतेही कर्तव्य विधात्याने त्यांना नेमून दिलेले नाही. शहरातील सुज्ञ गृहस्थाने पाळायचेच तर अशा घराण्यातले पिल्लू पाळावे. परंतु ज्याची सासुरवाडी मंगळवेढ्याकडे आहे अशा सोलापूरकराला निवडीचा अधिकार फारसा उरत नाही. संक्रांतीची गड्ड्याची यात्रा आटोपली आणि त्याच सुमारास मेहुण्यांनी हुरड्याच्या पिशवीसोबत एक कारवानी पिल्लू आमच्याकडे रवाना केले. हुरडा दोन दिवसांत संपला. पिल्लू राहिले.

कारवानी म्हणजे लांब मानेचा, खपाटीला गेलेल्या पोटाचा, वासापेक्षा नजरेवर शिकार करणारा जातिवंत धावपटू. माळावर ससा उठला की त्याच्या मागे वाऱ्यासारखे सुटावे, हे त्याच्या पूर्वजांचे पिढीजात वतन. विजापूरच्या पलीकडे मुधोळ संस्थानात राजे मालोजीराव घोरपडे यांनी या वंशाची निगुतीने जोपासना केली, त्यातली पिल्ले पंचम जॉर्ज बादशहाला नजर केली आणि 2005 साली भारतीय टपाल खात्याने मुधोळ कुत्र्याचे तिकीटही काढले. एवढ्या लौकिकाच्या या घराण्यावर संकट कोसळले ते कायद्याचे. 1972 साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला, पुढे त्याची कलमे अधिक कडक होत गेली आणि सशाच्या पाठलागाचे ते वतन कायमचे खालसा झाले. संस्थानिकांना निदान काही वर्षे तनखे तरी मिळाले. या वतनदाराला ना तनखा, ना नुकसानभरपाई. वतन गेले, पाय मात्र शाबूत राहिले. आणि ते चारही पाय आमच्या तीन खोल्यांत येऊन पडले.

सशाच्या गैरहजेरीत जे जे हलेल ते ससा मानावे, असा निवाडा त्याने पहिल्याच आठवड्यात देऊन टाकला. वाऱ्याने हललेला पडदा, सौभाग्यवतींचा पदर, दूधवाल्याच्या सायकलचे मागचे चाक आणि दारातून सरपटत येणारे वर्तमानपत्र ही सर्व मंडळी या व्याख्येत बसत होती. त्यातच त्याचे दात शिवशिवत होते. पिल्लाला दुधाचे दात अठ्ठावीस असतात, ते चौथ्या महिन्याच्या आसपास पडू लागतात आणि सातव्या महिन्यापर्यंत त्यांच्या जागी बेचाळीस पक्के दात रुजू होतात, ही माहिती पशुवैद्यांनी मला अत्यंत शांत स्वरात दिली; त्यांच्या घरी त्या वेळी पिल्लू नसावे. सोलापुरी चादर जकार्ड मागावर विणलेली असते आणि दोन्ही बाजूंनी वापरता येते, अशी तिची सर्वदूर ख्याती आहे. त्याने ती दोन्ही बाजूंनी वापरली. सोलापुरी टॉवेलाचे तर त्याने परत सुतात रूपांतर केले, आणि एवढ्या वेगाने, की आमच्या शहरातल्या कोणत्याही गिरणीला ते साधले नसते.

अक्कलकोटच्या आत्याबाईंनी आरंभी त्याचा पक्ष मोठ्या हिरिरीने घेतला. दत्तगुरूंच्या पायाशी असलेली चार कुत्री म्हणजे साक्षात चार वेद, त्यांच्या वंशजावर हात उगारू नये, असे त्यांनी आम्हांला ओसरीवर बसून बजावले आणि निघताना आपली उजवी वहाण शोधू लागल्या. वहाणेचा अंगठा तेवढा सापडला. त्याकडे क्षणभर पाहून, ‘हा पाचवा असावा,’ एवढाच शेरा मारून त्या रिक्षात बसल्या.

शिस्तीचा प्रश्न आमच्या गल्लीच्या भाषावैभवाने अधिक बिकट केला. मी त्याला ‘ये’ म्हणावे, कानडी आजोबांनी ‘बा’ म्हणावे, मागावर उमर काढलेल्या पद्मशाली मावशींनी ‘रा’ म्हणून साद घालावी, आणि त्याने तिन्ही भाषांचा समान आदर राखून एकीकडेही येऊ नये. मात्र स्वयंपाकघरात कडक भाकरीचा तुकडा मोडल्याचा आवाज झाला की तो गल्लीच्या टोकावरून हजर होई.

ज्या नगरीत नळाला रोज पाणी येत नाही, तिथे पिल्लाच्या लघुशंकेचा विषय केवळ शिष्टाचाराचा राहत नाही, तो अर्थकारणाचा होतो. पिंपातल्या पाण्याचा तांब्यातांब्याने हिशोब ठेवणाऱ्या आमच्या सौभाग्यवतींनी अखेर फर्मान काढले: झोपून उठल्यावर, जेवल्यावर आणि खेळून झाल्यावर त्याला तत्काळ अंगणात नेणे, व कसूर करणाऱ्याने फरशी पुसणे. 1930 च्या मे महिन्यात सोलापूरने इंग्रजांचा अंमल झुगारून आधी स्वतंत्र कारभार केला आणि मग लष्करी कायदा सोसला. आमच्या घरात क्रम उलटा झाला. आधी लष्करी कायदा आला आणि तो मोडीत निघाल्यावर स्वराज्य स्थापन झाले, ते त्याचे.

अंगण मिळताच त्याने ते उकरावयास घेतले. मोगरा गेला, अबोली गेली, तुळशीवृंदावनाचा पायाही एका अंगाने उघडा पडला. मे महिन्याच्या रणरणत्या दुपारी त्या ओलसर खड्ड्यात अंग टाकून तो आमच्याकडे अशा काही नजरेने पाही की, ‘कसेल त्याची जमीन’ हे तत्त्व त्याला तोंडपाठ असावे आणि सात-बाऱ्यावर नाव लागण्याचेच काय ते बाकी असावे.

शेवटी मी एका रविवारी रीतसर प्रस्ताव मांडला की, हे जनावर माळरानाचे आहे, त्याला मेहुण्यांच्या शेतावर परत पाठवावे. तिथे धावायला काळ्या रानाची मोकळीक आहे आणि फाडायला चादरी नाहीत. सौभाग्यवतींनी प्रस्ताव निमूटपणे ऐकून घेतला, कडक भाकरीचा एक तुकडा मोडला, तो टेबलाखाली सरकवला आणि म्हणाल्या, ‘दादाकडे त्याला हे असं मोडून कोण देणार? वहिनीला तर वेळच नसतो.’ अर्ज तिथेच दप्तरी दाखल झाला. टेबलाखालून माझ्या चपलेचा आवाज येत होता.