आमच्याकडचा खलनायक द्या

मराठी पडद्यावर पुढाऱ्यानं तोंड उघडलं की त्याचा जिल्हा, धंदा आणि नियत प्रेक्षकाला एकदम कळते. 'आरं' म्हणाला की साखर कारखाना, वाडा आणि कुणाचा तरी संसार बुडाला. मकरंद अनासपुरेंच्या मराठवाडी थाटात बोलला, तर इरसाल पण मनाचा बरा. आणि वऱ्हाडीत 'काऊन बे?' म्हणाला तर तो पुढारीच नाही. तो पाहुणा नाहीतर हवालदार. दोन मिनिटं हसवून निघून जाणार.

आम्हा राळेगावकरांची तक्रार एवढीच आहे की आम्हाला साधं दुष्टही होऊ देत नाहीत. आमच्याच यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे वसंतराव नाईक अकरा वर्षांहून अधिक काळ मुख्यमंत्री होते. १९७५ मध्ये ते पायउतार झाले आणि त्याच वर्षी 'सामना' चित्रपट आला. निळू फुलेंचा हिंदुराव धोंडे पाटील तेव्हा जो खुर्चीत बसला, तो अजून उठलेला नाही. फुले पुण्याचे, पण बदनामी उसाच्या पट्ट्याची. ऊस असला की गावात कारखाना येतो, कारखान्यात चेअरमन येतो, म्हणजे खलनायकाची आयतीच सोय. आमच्याकडे कापूस, आणि कापसाचा खलनायक गावात राहत नाही. भाव पाडणाऱ्याला कोणती बोली द्यावी, हे लेखकालाही सुचत नसावं.

मंत्रिपदाचं आम्हाला अप्रूप नाही. इथले वसंत पुरके शालेय शिक्षणमंत्री झाले, अशोक उईके आदिवासी विकास मंत्री आहेत. पण पडद्यावर? 'चला हवा येऊ द्या'त भारत गणेशपुरेंनी वऱ्हाडी घराघरांत नेली, हे उपकारच. मात्र तेव्हापासून मुंबईकर आमचा 'नमस्कार' ऐकूनही हसायला लागलाय.

हसण्याचा फायदा कोणाला होतो, ते २०२२ मध्ये दिसलं. सरकार पडत होतं, आमदार गुवाहाटीत होते, आणि उभा महाराष्ट्र सांगोल्याच्या शहाजीबापूंच्या 'काय झाडी, काय डोंगार'वर गाणी रचत होता. आमदार तिथं कशाला गेले, हा प्रश्न त्या झाडीत हरवला.

तेव्हा निर्मात्यांनो, एक वऱ्हाडी खलनायक लिहाच. मिशी नको, वाडा नको. संवाद आम्ही फुकट देतो : "पाह्यतो ना भाऊ, करू आपण. तू काऊन घाबरून राह्यला?" मुंबईत यावर हशा पिकेल. राळेगावात कृषिपंपाच्या जोडणीचा अर्ज घेऊन उभा असलेला माणूस हे ऐकतो आणि घरी जाऊन सांगतो, यंदा काई होत नाई.