उधारीवाल्या दुकानदारांसाठी 'कॅल' चालवण्याची रीत

चोपड्यात कृषी सेवा केंद्राच्या गल्ल्यावर बसणाऱ्याला तारीख, वार आणि उधारी या तीन गोष्टी तोंडपाठ लागतात. पहिल्या दोन संगणकावर सोपवता येतात. आमचा जुना संगणक रडतखडत चालायचा. भाच्याने त्यावर उबुंटू टाकून दिलं आणि जाता जाता म्हणाला, "मामा, काळ्या खिडकीत नुसतं कॅल लिहा आणि एंटर मारा." तेव्हापासून तारीख-वारासाठी मी डोक्यावर टांगलेल्या कालनिर्णयकडे मान वर करून पाहिलेलं नाही. सदर मार्गदर्शन नवशिक्यांसाठी आहे. जाणकारांनी तोवर गिऱ्हाईक सांभाळावं.

नियम १. आधी कॅल आहे का ते पाहावं. नव्या उबुंटूत 'कॅल' म्हटल्यावर संगणक बहुधा हात वर करतो. 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल एनकॅल' लिहावं आणि वाट पाहावी. त्यासाठी वीज आणि इंटरनेट एकाच वेळी लागतं. हा योग पंचांगात दिलेला नसतो.

नियम २. नुसतं 'कॅल' लिहिलं की चालू महिना येतो, आजची तारीख उलट्या रंगात. 'कॅल -३' लिहिलं की मागचा, चालू आणि पुढचा असे तीन महिने शेजारी शेजारी. उधारीच्या धंद्याला हाच प्रकार योग्य: मागच्या महिन्यात वायदा, या महिन्यात वाट, पुढच्या महिन्यात नवा वायदा.

नियम ३. वर्ष पूर्ण लिहावं. आपण बिलावर २६ लिहितो, कॅलला ते चालत नाही. 'कॅल २६' म्हटलं की तो इसवी सन २६ काढून देतो, तक्रार न करता. मी तेच छापून गल्ल्यामागे चिकटवलं. त्या वर्षी १ जानेवारीला मंगळवार होता. २०२६ मध्ये गुरुवार. दोन दिवसांचा फरक. कागदावर ११ जानेवारीला शुक्रवार पाहून मी चेक घेऊन बँकेत गेलो. शटर बंद. समोरच्या चहावाल्याने विचारलं, "भाऊ, आज रविवारचं काय काढलं?" आता कोणत्या तोंडाने सांगणार, की मी दोन हजार वर्षं मागे आहे!

नियम ४. केळीवाल्यांनी 'कॅल -जे' वापरावं. हे खरंच उपयोगाचं आहे, हसू नये. यात तारखेऐवजी वर्षाचा कितवा दिवस ते दिसतं. मृग बाग १५ जूनला लावली, तर तो १६६वा दिवस. साठ दिवसांनी खताचा हप्ता द्यायचा असेल तर साठ मिळवा, २२६ येतात. २२६ म्हणजे १४ ऑगस्ट. बोटं मोडावी लागत नाहीत. कांदेबागवाल्यांचा हिशोब मात्र डिसेंबर ओलांडतो, तेव्हा ३६५ वजा करायला विसरू नये.

नियम ५. 'कॅल ९ १७५२' गिऱ्हाइकासमोर लिहू नये. त्या सप्टेंबरात २ तारखेनंतर थेट १४ तारीख दिसते. पोप ग्रेगरीने १५८२ मध्ये दुरुस्त केलेलं कॅलेंडर इंग्रजांनी १७० वर्षं उशिरा मान्य केलं आणि भरपाई म्हणून ११ दिवस गाळले. मी हे मोठ्या कौतुकाने आमच्या तात्यांना दाखवलं. तात्यांनी चष्मा पुसला, पडदा नीट पाहिला आणि म्हणाले, "मंग मन्हा अकरा दिनना व्याज काढी टाक."

नियम ६. कॅलला सण विचारू नये. 'एनकॅल -ई' लिहिलं की तो ईस्टर सांगतो, २०२६ साठी ५ एप्रिल. मला यात फार अन्याय वाटतो. ईस्टर म्हणजे ठरावीक पौर्णिमेनंतरचा रविवार. आमची कानबाई म्हणजे नागपंचमीनंतरचा रविवार. धाटणी तीच: आधी चंद्र पाहायचा, मग रविवार धरायचा. पण ईस्टरला आज्ञा आहे आणि कानबाईचे रोट कोणत्याच काळ्या खिडकीत भाजले जात नाहीत. तात्यांनी एकदा विचारलंच, "तुन्हा मशीनमा आखाजी शे का?" नाही. आणि खानदेशात सालदाराचं वर्षच आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, उलटतं. ज्या यंत्राला आखाजी ठाऊक नाही, त्याने वर्ष दाखवावं तरी कशाच्या जोरावर?

इथे वायदे तिथीने होतात. "पोयाले देसू," "दिवाईले देसू." तारीख सांगा म्हटलं की माणूस दुखावतो. आपलं चांद्रवर्ष सूर्याच्या वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी तोकडं. इंग्रजांनी ११ दिवस एकदा गाळले आणि मोकळे झाले; आपण दरसाल तेवढेच मागे पडतो आणि साधारण तीन वर्षांनी अधिक महिना घालून फेडतो. तो महिना नेमका माझ्या वसुलीत येतो. २०२५ मध्ये लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आला आणि ते ८ नोव्हेंबरवर गेलं. तात्यांनी वायदा मोडला नाही, दिवाळीच अठरा दिवस पुढे सरकली. जावयाला धोंड्याचं वाण, तात्यांना बिनव्याजी मुदत.

तरी एक सांगतो. वहीत ज्यांच्या नावापुढे तिथी आहे, ते त्या तिथीला येतात. थोडे आणतात, पण येतात. तारीख लिहून घेतलेले दोघे अजून दिसलेले नाहीत.

नियम ७. कॅल ९९९९ सालापर्यंत चालतो. पुढचं वर्ष मागितलं तर साफ नकार देतो. इतकं सरळ 'नाही' म्हणणारं आमच्या दुकानात दुसरं कोणी नाही.

नियम ८. कालनिर्णय उतरवू नये. जयंतराव साळगावकरांनी ते १९७३ मध्ये सुरू केलं. कॅलही त्याच दशकातला. पण संकष्टीचा चंद्रोदय त्या दोघांपैकी एकालाच ठाऊक आहे.

नियम ९. घाऊक व्यापाऱ्याचा फोन आला की दोन्ही जवळ ठेवावेत. परवा तो आला. "शेठ, आमचं कधी?"

"दिवाळीला," मी म्हणालो.

"तारीख सांगा."

मी कालनिर्णयमध्ये तिथी पाहिली, मग 'कॅल ११ २०२६' लिहिलं, वर्ष पूर्ण. आठ तारीख, रविवार.

"रविवारी बँक बंद असते हो," मी म्हणालो. "सोमवार धरा."