निकाल आधी, गाणी मागाहून

स्वतःच लिहून स्वतःच गाणाऱ्या कुणाचा नवा रॉक अल्बम आला, की कारंजा घाडगेत हायवेलगतच्या टपरीवर त्याचा निकाल चहा उकळायच्या आत लागतो. इअरफोन एकच, कान दोघांचे. "पयल्या अल्बमची मजा नाही राह्यली बाप्पा," डावा कान म्हणतो. उजव्या कानाला गिटार फार झाली. पहिला अल्बम आला तेव्हा हेच दोघे 'याला गळाच नाही' म्हणून मोकळे झाले होते, पण ते जाऊ द्या. तिसऱ्याने काहीच ऐकलेलं नाही. सर्वांत ठाम मत त्याचंच.

परंपरा तशी थोर आहे. १९६५ साली न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात बॉब डिलनने इलेक्ट्रिक गिटार घेतली तेव्हा प्रेक्षकांतून हुर्यो उठली. २०१६ मध्ये त्याला साहित्याचं नोबेल मिळालं, तेव्हा गाणाऱ्याला ते कशाला, म्हणून पुन्हा कुरकुर.

आपल्याकडे याच रस्त्याने अमरावतीकडे निघालं की मोझरी लागते. तिथल्या तुकडोजी महाराजांचे शब्दही स्वतःचे, गळाही स्वतःचा आणि हाती खंजिरी. त्यांच्या भजनांपायी १९४२ मध्ये इंग्रज सरकारने त्यांना तुरुंगात टाकलं. म्हणजे निदान सरकारने तरी भजन शेवटपर्यंत नीट ऐकलं असणार. आजच्या रॉकवाल्याला इतका एकाग्र श्रोता कुठून मिळायचा? दुसऱ्या गाण्याच्या मध्यावरच कुणीतरी संत्र्याचा भाव काढतो आणि इअरफोन खिशात जातो. अल्बमला तीन स्टार मात्र देऊन झालेले असतात.