हंडा, अनवाणी पाय आणि शेवटच्या ओळीत पदक

एक जानेवारीला कोरेगाव भीमाच्या जयस्तंभाला मानवंदना द्यायला लाखो लोक येतात आणि बातमी होते ती नगर रस्त्यावरच्या वाहतूक बदलाची. माणूस सोडून आजूबाजूचं सगळं लिहायची ही हातोटी क्रीडा पानालाही छान जमते.

कविता राऊतचं बघा ना. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाडा या आदिवासी पाड्यावरच्या या मुलीनं २०१०च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्य जिंकलं, त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य. नाव पडलं 'सावरपाडा एक्सप्रेस'. सावरपाड्याला रेल्वे नाही, पण एक्सप्रेस सुटली! मग बातमीत हंडा, डोंगर, अनवाणी पाय. फेऱ्यांच्या वेळा, वर्षानुवर्षांचा सराव, शेवटच्या टप्प्यातली चाल? छे, तेवढी जागा कुठे असते! पाणी वाहिलं की पदक मिळतं, असंच वाचकाला वाटावं. तसं असेल तर पाड्यावरच्या बाकीच्या बायकांची पदकं कुठे अडकली, हे विचारायला कोणी वार्ताहर गेल्याचं ऐकिवात नाही.

दादरचा फलंदाज 'तंत्रशुद्ध', पाड्यावरची धावपटू 'काटक'. एकाकडे डोकं, दुसरीकडे फक्त पाय.

ही वाटणी जुनीच. दलित क्रिकेटपटू पालवणकर बाळूंनी पुण्यात गोऱ्यांच्या जिमखान्यावर खेळपट्टी राखता राखता गोलंदाजी घडवली, १९११च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेतले. तेव्हाच्या धर्मवार स्पर्धांतल्या हिंदू संघाचं कर्णधारपद काही मिळालं नाही. आणि 'लगान'मधल्या दलित कचराचा चेंडू वळतो तो अधू हातामुळे! पावणेचार तासांच्या चित्रपटात बिचाऱ्याच्या मेहनतीला जागा उरली नसावी.